इतर सात

या हो, असं पुढं सरकून बसा. पानाला चुना मग लावा. भूकंपाला वर्ष झालं त्या दिवशीची, संगप्पा महाराजांच्या पोटातल्या जळजळीची गोष्ट सांगतो.

गाव निलंग्याकडलं. घरं बसली, वाचलेली माणसं पत्र्याच्या शेडात आली. कपाळी विभूती लावून महाराज कीर्तनाला उभे राहिले की सगळी वस्ती रडून मोकळी व्हायची. त्या रडण्यावर आपलाच हक्क आहे, असं महाराजांना वाटू लागलं होतं.

पण खालच्या आळीत, विहाराच्या शेडात, वंदना झाली की धुरपताबाई स्वतः रचलेला अभंग म्हणायची. हळूहळू वरच्या शेडातल्या बायाही तिकडं जाऊ लागल्या. एका सकाळी महाराजांची बायको महानंदा भाकरी थापता थापता तोच अभंग गुणगुणताना सापडली.

"कुणाचा गं हा?"

"धुरपतामावशीचा. काळीज हलतंय बघा." मग नवऱ्याचं तोंड बघून म्हणाली, "तुमचे बी बरे असतात की!"

बरे! महाराजांना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. टाळकरी अण्णाराव तंबाखू मळताना गुणगुणला, तेव्हा तर त्यांनी त्याच्या हातातली चंचीच काढून घेतली.

वर्षाच्या दिवशी महाराज सगळ्या मेलेल्यांची नावं अभंगात ओवून गाणार होते. यादी तलाठ्याची. अठ्ठेचाळीस नावं, आणि शेवटी दोन शब्द : इतर सात. खालच्या आळीतल्यांची रेशनकार्डं ढिगाऱ्यात गेली होती, एक-दोघं परगावचे सालगडी होते. पंचनामा करताना कुणी थांबून विचारलंच नाही.

दोन दिवस आधी धुरपताबाई आली आणि दाराबाहेरच बसली.

"महाराज, त्या सातांची नावं माझ्या नव्या अभंगात हायत. अजून कुणाला म्हणून दाखवला न्हाई. तुमच्या तोंडून जाऊ द्या. तुमच्या सभेला तहसीलदार येणार, आमच्या विहारात कोण येतंय?"

"म्हण बघू," महाराज म्हणाले. खोड काढायलाच बसले होते. तिनं डोळे मिटले.

*व्यंकटी झोपला, बैलांच्या दावणी*
*सांगा त्याच्या गावी, कोणीतरी*

*बुद्धप्रिया पोटुशी, भिंतीला टेकली*
*हाक मी मारते, अजूनही*

महाराजांच्या अंगावर काटा आला, आणि त्याचाच त्यांना राग आला. बोटं मोजून ते म्हणाले, "बुद्धप्रियाच्या ओळीत अक्षर जास्त झालंय."

"सून हाय ती माझी. पोटात लेकरू होतं, महाराज. वाढणारच की."

तिनं उरलेल्या पाचांच्याही ओळी म्हटल्या. शेवटच्या ओळीत 'अमका म्हणे' असं रचणाऱ्याचं नाव असतं. तिनं ती जागा मोकळीच ठेवली होती. महाराजांनी ते बरोबर हेरलं.

"सरकारी यादीत असेल तेवढंच गाईन मी," ते म्हणाले.

"मग त्यास्नी कोण गाईल?"

"तू हायेस की मोठी कवयित्री!"

ती उठून गेली. आत महानंदाच्या हातून तांब्या जरा जोरातच आपटला गेला.

वर्षाच्या दिवशी दुपारी मांडव भरला. तहसीलदार खुर्चीत, बाकी गाव खाली, खालची आळी अगदी कडेला. महाराज एकेक नाव गात होते, त्या त्या घरातून हुंदका येत होता. अठ्ठेचाळीस नावं झाली. कागदावरचं उरलेलंही गाण्याच्या भरात त्यांच्या तोंडून चालीत गेलं : "आणिक इतर सात."

आता टाळकऱ्यांचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. महाराजांनी सोडलेली ओळ उचलायची आणि पुढची येईपर्यंत घोळवत राहायची. अण्णारावनं उचलली. वीस टाळ वाजू लागले. इतर सात, आणिक इतर सात. महाराजांकडं पुढची ओळच नव्हती. कागद संपला होता. चाल चढत गेली, मृदंग तापला. कडेला धुरपताबाईनं पदर तोंडात कोंबला. तिची माणसं वीस गळ्यांतून मोजली जात होती, आणि नाव एकाचंही नाही.

महाराजांनी कागद उलटा करून बघितला. त्या चालीत बसेल अशी एकच ओळ त्यांना येत होती, दोन दिवस अख्ख्या अभंगासकट डोक्यात घुमणारी, आणि ती त्यांची नव्हती. इतकी चांगली ओळ त्यांना आयुष्यात सुचली नव्हती.

"व्यंकटी झोपला, बैलांच्या दावणी..."

टाळ क्षणभर अडखळले, मग धावले. एकेक करत साती नावं गेली. तहसीलदारानं खिशातून पेन काढलं. साऱ्या मांडवाला वाटलं, काय रचलंय महाराजांनी! पुढच्या रांगेतला शरणप्पा तर "वा महाराज!" म्हणून ओरडला. तो 'वा' महाराजांना साखरेहून गोड लागला. शेवटची ओळ आली. 'संगप्पा म्हणे' अगदी जिभेच्या टोकावर होतं. कुणाला कळलं असतं? फक्त धुरपताबाईला, महानंदाला आणि वरच्या देवाला.

त्यांनी कडेला बघितलं. ती डोळे मिटून, सुनेचं नाव वीस गळ्यांत ऐकत बसली होती. ओळीत कुणाचं नाव येतंय, याची तिला फिकीरही नव्हती. त्याचाच महाराजांना सगळ्यांत जास्त हेवा वाटला.

*धुरपता म्हणे, नावाने पुकारा*
*कुणीही इतर, नव्हे इथे*

म्हणताना त्यांचा आवाज फाटला. लोकांना वाटलं, दुःखानं.

जळजळ काही गेली नाही हो. पुढं कितीतरी वर्षं हा अभंग गाऊन झाला की घरी आल्यावर महाराज महानंदाला विचारायचे, "माझा कुठला आवडतो?" पण दर वर्षी गायचे, आणि तिच्याच नावानं गायचे.

तर मायबाप, आज घरी देवापुढं नाहीतर बुद्धापुढं दिवा लावाल, तेव्हा एवढं करा. निलंग्याकडली बुद्धप्रिया, पोटातल्या लेकरासकट, एकदा आठवा.