आठवा कान

मी कानाचं मशीन बोलतोय. सध्याचा पत्ता: दिनानाथ राऊत यांचा उजवा कान, वटार. शेंगदाण्याएवढा जीव, चहाचा रंग, पण बडबड्या एक नंबरचा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर लिहिलं होतं. खोकं मर्लिन मॅडमनी फेकलं. मॅडमचा दवाखाना माणिकपूरला, खालीच रिक्षास्टँड. मी तिथला ट्रायलचा पीस. म्हणजे माणसाने मला आठवडाभर घरी वापरून बघायचं. पटलं तर मॅडम त्याच्यासाठी नवीन मागवणार, नाही पटलं तर नाही. मी दोन्ही वेळा परत.

सात कान झाले, सातही नाही म्हणाले. एका काकांनी मला पहिल्याच दिवशी वरातीत बँडच्या गाडीमागे नेलं आणि मशीन बेकार आहे म्हणून सांगत सुटले. एका मावशींनी आठवडाभर डबीच उघडली नाही, तरी परत देताना म्हणाल्या, छान आहे हो.

आठवे दिनानाथ आजोबा. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म सगळा केळीच्या वाडीत गेलेला. त्यांना दवाखान्यात आणलं नातीने. राधिका कॉलेजात आहे, भुताच्या सिनेमांची वेडी. आधी ती आजोबांना एकेक वाक्य चारदा ओरडून सांगायची. मग दोनदा. मग नुसतं हाताने, जेवायला चला. हे तिनेच मॅडमना सांगितलं, खाली बघत. "मी त्यांच्याशी बोलणंच सोडलंय हो," म्हणाली.

पहिले तीन दिवस वाईट गेले. कुकर, मिक्सर, वाडीतला पंप, सगळं एकदम अंगावर आलं. त्यात यमुना आजी स्वयंपाकघरात स्वतःशी काहीतरी पुटपुटल्या आणि आजोबांनी ओटीवरून उत्तर दिलं. आजींच्या हातातलं भांडंच पडलं. तेव्हापासून त्याही म्हणायला लागल्या, परत करा ते. मी चष्म्याच्या डबीत गेलो. शनिवारी परत जायचं होतं.

गुरुवारी दुपारी राधिकाने पडदे ओढले आणि टीव्हीवर सिनेमा लावला. परदेशी, बोलणं अगदी कमी. धुक्यातला दगडी बंगला, एकटी विधवा बाई, कुलूप लावलेली खोली. आजोबा नेहमीसारखे शेजारी येऊन बसले. लहानपणी राधिका घाबरली की त्यांचा दंड धरायची आणि ते हसायचे. घरात सगळे म्हणायचे, हा माणूस भुताला भीत नाही. भिणार कसे? त्यांना काही धड ऐकूच यायचं नाही.

राधिकाने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. एवढा एक सिनेमा बघा, मग परत देऊ, असं खुणेने सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण घातलं.

काय सांगू तुम्हाला. आधी फक्त वारा. मग लांब कुठेतरी पाणी टपकतंय. मग घड्याळ. घड्याळ मध्येच थांबलं आणि आजोबांचा श्वासपण थांबला, मला लगेच कळलं, मी तिथेच होतो ना. वरच्या मजल्यावरून कापड घासत गेल्यासारखा आवाज आला. आजोबांनी वळून मागे बघितलं. मागे आपला फ्रिज.

ती बाई मेणबत्ती घेऊन जिना चढायला लागली. पहिली पायरी, करकर. दुसरी, करकर. तिसऱ्या पायरीवर ती थांबली, हललीच नाही, तरी एक पायरी वाजली.

आजोबांनी मला कानातून उपटून काढलं.

संपलं, मी म्हटलं. गेला आठवा कान. मी त्यांच्या घामट मुठीत. समोर आता नुसतीच एक बाई मेणबत्ती धरून उभी, त्यात घाबरण्यासारखं काय? आजोबांनी शेजारी बघितलं. राधिकाचे ओठ हलत होते. ते थोडा वेळ त्या ओठांकडे बघत राहिले. मग मला सदऱ्याला पुसलं आणि परत कानात घातलं.

"काय म्हणालीस, बाय?"

"बंद करू का म्हटलं. मलापण भीती वाटतेय."

"मागे घे जरा. मघाचं ऐकायचं राहिलं माझं."

पुढचा पाऊण तास त्यांनी तिचा दंड सोडला नाही. सिनेमा संपला तरी दोघं भांडत होती, पायरीवर नक्की कोण होतं म्हणून. आजी चहा घेऊन आल्या, ऐकत उभ्या राहिल्या आणि चहा गार झाला.

शनिवारी आजोबांनी मॅडमना सांगितलं, घेणार. मॅडमनी फॉर्म भरला आणि माझ्यासाठी हात पुढे केला, नवीन यायला दहा दिवस लागतील म्हणाल्या. आजोबांनी कानावर हात ठेवला. "उद्या आम्हाला दुसरा सिनेमा बघायचाय." मॅडम हसल्या, राहू दे म्हणाल्या.

आज दहावा दिवस. उद्या नवीन येईल, मी माणिकपूरला जाईन. थोडं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण पुढे ज्यांच्याकडे जाईन त्यांना एवढंच सांगणं आहे: मला आल्या आल्या वरातीत नेऊ नका. पडदे ओढा, एखादा चांगला भुताचा सिनेमा लावा आणि शेजारी घरातलं कुणीतरी बसवा.

बरं, आता गप्प बसतो. राधिकाने रिमोट घेतलाय आणि आजोबा तिला सांगतायत, पंखा बंद कर, सिनेमातला वारा ऐकू येत नाही.