नारळ पडेपर्यंत

पंच्याण्णव सालच्या शिमग्याला नाथाने होडी विकली, तेव्हा शेवंती भांडली नाही. भांडायला अंगात जोर लागतो, आणि मासळीची पाटी वाहून वाहून तिचा तो कधीच संपलेला. होडी घेतली त्यांच्याच गावच्या, बाळकुमच्या भिवाजीने. त्या पैशांचे शेअर आले, कुठल्याशा कम्प्युटर कंपनीचे. तिचा डोंबिवलीचा भाऊ सुधीर म्हणालेला, "ताई, आता सगळं जग कम्प्युटरवर चालणार. होडीबिडी काय घेऊन बसलीस?"

आणि खरंच भाव चढला. नाक्यावरचा पानवालासुद्धा शेअरचं बोलायला लागला. सुधीर रविवारी कोळंबी न्यायला यायचा आणि पेपर उघडून भाव वाचायचा. नाथा तर असा चालायचा, जशी काय कंपनी त्यानेच काढलीय.

"विका की वो आता," शेवंती म्हणाली. "आपली होडी परत आणू."

"नारळी पुनव होऊ दे. नारळ पडल्याबिगर कोळी होडी बाहेर काढतो का?"

"तो नियम होडीला. कागदाला कसला?"

"होडी विकूनच घेतलाय ना कागद? मग तोपन होडीच."

त्याने शेअर देवीपुढे ठेवले, वर हळदकुंकू वाहिलं. सुधीर हसला. "थांबा भावोजी, वाढतोयच."

आषाढात भाव घसरला. "दम खातोय," सुधीर म्हणाला. पुढच्या रविवारी पेपर न उघडताच कोळंबी घेऊन गेला. मग यायचाच बंद झाला. शेवंती पाटी घेऊन डोंबिवलीला गेली, तर तो दारातच म्हणाला, "विकायचं म्हटलं तरी कोणी घेत नाही गं. माझेपण तसेच पडलेत." तिने त्याला कोळंबी दिली, पाणी प्याली आणि परत आली.

पौर्णिमेला सगळ्यांनी खाडीत नारळ सोडले. नाथानेही सोडला. देवीपुढचे कागद मात्र त्याने हलवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी होड्या निघाल्या. भिवाजीने होडीला हिरवा रंग दिलेला. दुसरीकडेच बघत तो म्हणाला, "नाथा, एक मानूस कमी हाय. येतंस?"

नाथा चढला आणि सवयीने मागे सुकाणूकडे गेला. तिथे भिवाजी बसलेला. नाथा जरा वेळ उभाच राहिला. मग वळला आणि पुढे जाळ्यापाशी जाऊन बसला.

काठावर शेवंतीने पाटी खाली ठेवली. होडी परतली की आपल्याच नवऱ्याने धरलेली मासळी तिला भिवाजीकडून विकत घ्यायची होती. ती सावली बघून बसली.