एक फ्रेट मागं

सलीमभाई फुकट शिकवतो म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गेणभाऊंच्या ऑर्केस्ट्रात मी दोन सीझन वायरी गुंडाळत होतो. २००३च्या जत्रांना सलीमभाईंच्या जागी बास गिटार घेऊन स्टेजवर उभं राहायचं, एवढंच मला हवं होतं. पण आपली जागा आपणहून कोण देतो? म्हणे डावा हात दुखतो. दिसायला तर धडधाकट होता.

जुन्नरला त्यांच्या घरी त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर गोल काढला आणि घड्याळासारखे बारा सूर मांडले. बासच्या दांडीवरच्या आडव्या रेघांत, म्हणजे फ्रेटांत, प्रत्येकाची जागाही दाखवली. "एकाचा पंचम, त्योच पुढच्याचा सा. असं बारा घरं फिरलास की परत सी वर. गाणारी कुठलीबी पट्टी धरू दे, तुझं बोट हुकायचं न्हाई."

मग त्यांनी आपला जुना बास मला घरी न्यायला दिला. "पण पेटीसंगं वाजवू नको इतक्यात."

का नको? ओतूरपर्यंत एसटीत मी तेच चघळत होतो. खरं शिकवलंय, तर पेटीची भीती कसली?

आठ दिवसांनी बास घेऊन सरळ भजनी मंडळात गेलो. सावळारामबुवांनी पेटीवर पांढरी एक, म्हणजेच सी, दाबली, मी गोलातला सी. जुळेना.

"अर्धा सूर खाली हाय तुझा," बुवा म्हणाले.

एक फ्रेट, म्हणजे अर्धा सूर, पुढं सरकलो, जुळलं. जी, डी, सगळ्यांचं तेच. अख्खा गोल एका फ्रेटनं खोटा! राग आला, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. म्हाताऱ्याला पकडलं होतं मी. महिनाभर घरी एक फ्रेट पुढूनच गोल घोटला. जुन्नरला गेलो की मात्र साळसूदपणे त्यांच्याच जागा वाजवायचो.

नारायणगावला मोठी तालीम ठरली. सलीमभाईंनी सकाळीच बास मागून घेतला आणि दुपारी स्वतः माझ्या गळ्यात अडकवला. समोर खुर्चीवर गेणभाऊ. इंद्रायणीबाई गायला लागल्या. माझ्या पहिल्याच सुराला त्यांनी वळून पाहिलं.

सलीमभाई कानाशी आले. "एक फ्रेट मागं ये. लवकर."

वा! चारचौघांत मला तोंडघशी पाडायला हीच वेळ बरी सापडली. मी हललो नाही. उलट जास्तच जोरात वाजवलं. कडवं संपायच्या आत गेणभाऊंनी हात वर केला.

"राहू दे. ह्याला वायरींवरच ठेवा."

सलीमभाईंनी बास उतरवून घेतला. "तुझी बोटं सोलू नयेत म्हणून तारा अर्धा सूर ढिल्या ठेवल्या व्हत्या मी. म्हणून तर पेटी नको म्हणलो. आज तालीम, म्हणून सकाळी घट्ट केल्या." पट्टा आवरत म्हणाले, "पण कानात सांगत व्हतो, तरी का नाय आलास मागं?"



त्या सीझनला बासवर तेच उभे राहिले, डाव्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळून. दर कार्यक्रमानंतर ते हाताला बर्फ लावून बसायचे आणि मी त्यांची वायर गुंडाळायचो.