परतीच्या नळीतलं भोक

“पाणी कधीही खोटं बोलत नाही,” आप्पा गंभीरपणे म्हणाले. “माणूस बोलतो. पाणी नाही.”

हे सत्य त्यांनी उच्चारलं तेव्हा ते पोटावर पालथे पडलेले होते. डोकं काचेच्या टाकीखालच्या कपाटात होतं आणि पाय हॉलमध्ये. त्यामुळे ऐकणाऱ्यांना फक्त दोन पाय बोलताना दिसले. शिवाय बाहेर येताना त्यांचं टाळकं एका नळीवर आपटलं, आणि उरलेलं तत्त्वज्ञान कळवळण्यात गेलं.

“लागलं का, आप्पा?” सूनबाईने विचारलं.

“मला नाही. नळीला विचारा. तिची चौकशी आधी होते या घरात.”

चिरंजीव टाकीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल हातात धरून उभे होते. त्यांनी ऐकलं नाही. मोबाइलमध्ये एक दाढीवाला माणूस समुद्री टाकीची जोडणी कशी करावी हे सांगत होता. चिरंजीव त्याला मध्येच थांबवत, मागे नेत, पुन्हा बोलायला लावत, आणि तोही बिचारा न कंटाळता तेच तेच सांगे. आपल्या मुलाने एखाद्याचं बोलणं परत परत ऐकावं, हे दृश्य आप्पा जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

आप्पा म्हणजे साधी असामी नव्हे. पाणीपुरवठा खात्यात मोठ्या हुद्द्यावर पोचून ते निवृत्त झाले होते. अख्ख्या शहराच्या नळांना पाणी त्यांच्या सहीने यायचं आणि त्यांच्याच सहीने जायचं. असा माणूस घरात, त्याच हॉलमध्ये, त्याच सोफ्यावर बसलेला असताना पोरगा नळ्या जोडायला शिकत होता तो मोबाइलवरच्या दाढीकडून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कळशाला मात्र आपण काखेत आहोत हे पुरतं ठाऊक होतं, आणि तो आतल्या आत उकळत होता.

चिरंजीवांना घरात समुद्र हवा होता. भिंतभर लांब काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, खडक, पुढेमागे प्रवाळ. टाकीखालच्या कपाटात आणखी एक लहान काचेचा हौद होता. वरचं पाणी एका नळीने खाली हौदात पडायचं, तिथे गाळून स्वच्छ व्हायचं आणि पंप ते दुसऱ्या नळीने पुन्हा वर चढवायचा. ही दुसरी म्हणजे परतीची नळी. वर गेल्यावर ती टाकीच्या काठावरून आत वळून चांगली हातभर खोल उतरली होती.

“ही नळी एवढी खोल कशाला?” आप्पांनी सुरुवातीलाच हटकलं होतं. “वीज गेली, पंप थांबला, की वरचं पाणी हिच्यातूनच उलटं खाली येईल. नळी उघडी पडेपर्यंत येत राहील. खालचा हौद भरून वाहील. इथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाहिजे.”

“खाऱ्या पाण्यात तो व्हॉल्व्ह अडकतो, आप्पा. त्याची सोय केलीये.”

काय सोय केली आहे, हे आप्पांनी विचारलं नाही. ज्याला कोणी विचारत नाही, त्याने कोणाला विचारू नये, असा त्यांचा बाणा होता. चिरंजीवांनीही आपण होऊन सांगितलं नाही. तो त्यांचा बाणा. दोन्ही बाणे एकाच कारखान्यातले होते.

मग काटकोनाचं प्रकरण झालं. आप्पा म्हणाले, नळीला एकदम काटकोनात वळवू नकोस, दोन सौम्य वळणं दे, पाण्याला त्रास होत नाही. चिरंजीव “बघू” म्हणाले आणि काटकोन लावून मोकळे झाले. चार दिवसांनी तेच दाढीवाल्याने सांगितलं. चिरंजीवांनी लगेच काटकोन कापला, दोन सौम्य वळणं बसवली आणि सूनबाईला बोलावून दाखवलं.

“काय हुशार माणूस आहे बघ!”

“हे आप्पा म्हणाले होते ना?” सूनबाई म्हणाली.

“आप्पा अंदाजाने म्हणाले होते.”

अंदाजाने! आप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चहाचा कप इतक्या जोरात बशीत ठेवला की बशीला तडा गेला. बशीचाही अंदाज चुकला असणार. त्या दिवसापासून त्यांनी मौन धरलं. मौन म्हणजे बोलायचं, फक्त मुलाशी नाही. ते टाकीशी बोलत, कपाटाशी बोलत, आणि मुलगा खोलीत आला की वर्तमानपत्र असं फडकन उलटत की वाऱ्याने बातम्या हलाव्यात.

टाकी भरून सुरू झाली. पाणी खळाळत वरखाली फिरू लागलं. खडक मुरले पाहिजेत, पाणी पिकलं पाहिजे, आता काही आठवडे हात लावायचा नाही, अशी आज्ञा देऊन चिरंजीव कामावर गेले. सूनबाईही गेली. घरात उरले आप्पा आणि समुद्र.

दुपारी सोफ्यावर डोळा लागता लागता आप्पांच्या कानावर बारीक आवाज आला. स्स्स. खात्यातली मंडळी म्हणायची, साहेबांचा कान रस्त्याखाली आहे. आप्पा ताडकन उठले, स्टूल ओढलं, चढले, टाकीवरचं झाकण सारलं. परतीच्या नळीला, पाण्याच्या पृष्ठभागाशी अगदी लागून, एक बारीक भोक होतं. त्यातून पाण्याची चिळकांडी उडत होती आणि समोरच्या काचेवर मिठाचा पांढरा ओघळ धरत होता.

आप्पांना जो आनंद झाला, तो त्यांना नातवंड झालं असतं तरी झाला नसता. नवी कोरी नळी! दाढीवाल्याच्या देखरेखीखाली जोडलेली! आणि तिला भोक!

खात्यात त्यांची एक पद्धत होती, आणि तिचा दरारा होता: आधी गळती बंद, मग चौकशी. इतर साहेब आधी चौकशी लावत आणि तोवर अर्धा रस्ता वाहून जाई. आप्पांनी आपली जुनी हत्यारपेटी काढली. भोकं बुजवायची, पाण्यातही धरणारी लांबी तिच्यात होतीच. त्यांनी ती बोटांनी मळली, पंप तेवढ्यापुरता बंद केला, भोकात लांबी दाबली, अंगठ्याने सफाईने फिरवली. पंप चालू केला. स्स्स थांबलं. काम असं झालं होतं की स्वतःच स्वतःची पाठ थोपटावी. पण हात पोचेना, म्हणून त्यांनी टाकी थोपटली.

मग ते चौकशीची वाट पाहू लागले. संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर काय बोलायचं, हे त्यांनी मनाशी घोळवलं. पहिलं वाक्य अगदी शांत असणार होतं. ‘तुझ्या त्या मित्राला नमस्कार सांग.’ मग कोण मित्र, असं पोरगा विचारेल. मग दाढी. मग भोक. भोकापर्यंत येईतो पोराच्या घशात घास अडकलेला असेल.

ताटं वाढली गेली. आप्पांनी घसा खाकरला.

“तुझ्या त्या मित्राला—”

दिवे गेले.

पंपाचा आवाजही गेला. क्षणभर घरात फार छान शांतता होती. मग कपाटातून पाणी पडल्याचा आवाज आला. आधी टपटप, मग झुळझुळ, मग सरळ धबधबा.

“अरे!” चिरंजीव ताट सारून उठले आणि पहिल्याच पावलाला घसरले. सूनबाईने टॉर्च लावला. खालचा हौद काठोकाठ भरून चहूकडून वाहत होता. पाणी सोफ्याखाली शिरलं होतं, आप्पांचं वर्तमानपत्र तरंगत जेवणाच्या टेबलाकडे निघालं होतं.

“टॉवेल! बादली! आप्पा, पाय वर घ्या!”

आप्पांनी पाय वर घेतले नाहीत. ते पाण्यात उभे राहिले. पाणी का आलं, ते त्यांना त्या क्षणी कळलं होतं.

चिरंजीव स्टुलावर चढले, परतीच्या नळीचा वरचा सांधा फिरवून सोडवला आणि नळीचा तुकडा उचलून बाहेर काढला. आत हवा शिरली. गुडगुड झालं आणि धबधबा थांबला. ते तुकडा हातात घेऊन तसेच उभे राहिले. सूनबाईने टॉर्च त्यावर धरला. चिरंजीवांचा अंगठा नळीवरून सरकत आला आणि एका जागी थांबला. तिथे लांबीचा करडा ठिपका होता. अंगठा त्यावरून एकदा गेला, पुन्हा मागे आला.

“भोक राहिलंच माझ्याकडून,” चिरंजीव म्हणाले. “पाण्याच्या पातळीशी एक भोक ठेवायचं असतं. पाणी उलटं यायला लागलं, की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. विसरलो बघ.”

हे ते सूनबाईला म्हणाले. आप्पांकडे त्यांनी पाहिलं नाही.

आप्पांना हा सूर ओळखीचा होता. खात्यात साहेबांच्या चुका हाताखालची माणसं अशीच अंगावर घेत. अगदी सहज. आणि घेताना साहेबाच्या तोंडाकडे बघत नसत. बघितलं की साहेब दुखावतो, आणि दुखावलेला साहेब सांभाळणं फार जड जातं.

म्हणजे आपण सांभाळण्याजोगे झालो.

“राहिलं?” आप्पा ओरडले. “डोळे फुटले का तुझे? तो ठिपका दिसत नाही? अंगठा फिरवतोस वर! राहिलं नव्हतं. होतं. मी बुजवलं, मी! दुपारी!”

“आप्पा, जाऊ दे—”

“का जाऊ दे? शिव्या घाल ना! मी तुझ्या जागी असतो तर सोडलं असतं का? नोटीस काढली असती!”

आता मात्र चिरंजीवांचा बांध फुटला.

“मग विचारायचं नाही का? एक फोन! भोक का आहे, एवढं विचारायला काय झालं होतं?”

“तू विचारलंस मला कधी? त्या दाढीला विचारतोस!”

“तो उत्तर देतो म्हणून! तुम्हाला विचारलं की उत्तर मिळत नाही, आप्पा. चौकशी लागते!”

स्टुलावर मुलगा, पाण्यात बाप. दोघांच्या छात्या सारख्याच वरखाली होत होत्या. सूनबाईने दोघांच्या मध्ये बादली ठेवली, कारण फरशीवरचं पाणी काही ऐकत थांबलं नव्हतं. मग तिघांनी टॉवेल पिळले. पिळताना बापलेक दोघांनीही टॉवेलांवर फार राग काढला.

फरशी थोडी दिसायला लागल्यावर आप्पा हत्यारपेटीपाशी गेले. वीज नव्हतीच, म्हणून त्यांनी मूठ फिरवून चालवायचा जुना ड्रिल काढला. नळीचा तुकडा मांडीवर आडवा धरला. लांबीच्या ठिपक्यावर टोक टेकवलं. आणि थांबले.

“केवढं पाडायचं?”

“तुम्हाला माहीत आहे की,” चिरंजीव म्हणाले.

“मी तुला विचारतोय.”

चिरंजीव त्यांच्याशेजारी उकिडवे बसले. “होतं तेवढंच. बॉलपेनची रिफिल जाईल एवढं. आणि दुसरंही एक पाडा, पाठीमागून. एकात मीठ साठलं तर दुसरं चालू राहील.”

“हे दाढीने सांगितलं?”

“नाही. हे माझं.”

आप्पांनी मान हलवली. “बरोबर आहे,” ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातला हा शेरा फार थोड्या लोकांच्या वाट्याला आला होता. ते मूठ फिरवू लागले. चिरंजीवांनी टॉर्च धरला.

तेवढ्यात दार धाडधाड वाजलं. सूनबाईने उघडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. एका हातात मेणबत्ती, केस ओले, चेहरा तापलेला.

“माझ्या पलंगावर पाणी गळतंय! आणि पाणी पण कसलं, तर खारट! मी स्वतः चाखून बघितलंय!”

बोलता बोलता त्या आत आल्या. मेणबत्तीच्या उजेडात ती भिंतभर काच चमकली, आणि काकूंचा राग जागच्या जागी मऊ झाला. हात छातीशी गेला.

“अगंबाई! मासे? मासे वाचले ना?”

चिरंजीवांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी ड्रिलकडे पाहिलं.

“मासे अजून आणायचेत, काकू,” सूनबाई म्हणाली.