रूपराव मिस्त्रीचा हात

हिंगणघाटला बंडूजींचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान. पण दुकानापेक्षा त्यांचा जीव त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत जास्त. सदतीस वर्षांपूर्वी घेतलेली ती गाडी विकायचं नाव कुणी काढलं, तर ते भरल्या ताटावरून उठत. अलीकडे मात्र ती चढावर धापा टाकायला लागली होती. शेवटी त्यांचा मुलगा योगेंद्र म्हणाला, "बाबा, इंजिनाचं हेड मी घरीच खोलतो. पह्यल्यापेक्षा जास्त पळन."

योगेंद्र चव्वेचाळीस वर्षांचा. जन्मभर त्याने पंप उघडून दुरुस्त केले होते, पण गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा तो जड बिडाचा ठोकळा, कधी उतरवला नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून त्याचा हात शिवशिवत होता. मागच्या सपरीत, पत्र्याच्या छपराखाली, त्याने टेबल मांडलं. एकेक बोल्ट डबीत टाकला, आठही व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवारीने खोचले. बायको रीता घासलेटाच्या वासाने कावली, तरी कामातली त्याची टापटीप पाहून गप्प राहिली.

हेडाची खालची बाजू सपाट करून घ्यायला तो रूपराव मिस्त्रीकडे गेला. रूपराव बंडूजींचे तीस वर्षांचे स्नेही. हेड घासायचं मशीन सबंध गावात त्यांच्याकडेच होतं, आणि काम झालं की ते त्यावरून तळहात फिरवत. हाताला पटलं तरच हेड द्यायचे. योगेंद्रने त्यांना आपला बेत सांगितला. आतले हवेचे रस्ते घासून मोठे करायचे, म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेईल.

"तोंडाशी साफ कर," रूपराव म्हणाले. "आत खोल नोको जाऊ, बापू. त्या भिंतीच्या मांगंच इंजिन थंड ठेवाचं पानी हाय."

"नाई जात काका."

पण तो गेला. रविवारी दुपारी हातग्रायंडर घेऊन बसला, आणि आतली भिंत जसजशी आरशासारखी चमकू लागली तसतसं त्याला थांबवेना. मग एकदम आवाज बदलला. त्याने बॅटरी मारून पाहिलं. तिसऱ्या रस्त्याच्या वळणावर खसखशीएवढं छिद्र पडलं होतं.

 रूपरावांकडे जावं असं एकदा मनात आलं. पण गेलं की "मी सांगतलंच होतं" हे ऐकावं लागलं असतं. त्याने दुकानातला लोखंड जोडायचा मसाला आणला, छिद्रात भरला, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासला. बोटाला काही लागेना. मग त्याने हेड चढवलं, आणि त्या जागेचा विचार करायचं सोडून दिलं.

गाडी झकास पळाली. बंडूजी वर्ध्याला जाऊन आले आणि आठवडाभर दुकानात येईल त्याला सांगत राहिले, "पोरानं घरी बनवली." योगेंद्र तेव्हा पाइप मोजत असे. मान वर करत नसे.

यशोदाबाई, योगेंद्रची आई, दरवर्षी गिरडच्या दर्ग्याला जाई. लग्नानंतर सात वर्षांनी झालेला हा मुलगा तिने तिथेच मागितला होता. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ती, बंडूजी आणि योगेंद्र असे तिघं निघाले. समुद्रपूर मागे पडलं आणि गाडीतून पांढरा धूर निघाला, तापमानाचा काटा लालमध्ये गेला आणि इंजिन बसलं. आजूबाजूला नांगरलेली काळी रानं, सावलीला लांब एक बाभूळ; आईबाबा तिच्याखाली जाऊन बसले. पाणी कुठून जातंय हे त्या रस्त्यावर एकट्या योगेंद्रला माहीत होतं. इंजिन थोडं निवल्यावर त्याने प्यायच्या दोन्ही बाटल्या रेडिएटरमध्ये ओतल्या. अर्ध्या तासात गिरड गाठू, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. गाडी फर्लांगभर गेली आणि पुन्हा बसली, ती कायमची.

"मले पानी दे रे थोडं," आई म्हणाली.

द्यायला पाणी नव्हतं. पाऊण तासाने एक पिकअप थांबली, तोवर तिची शुद्ध हरपली होती. पिकअपने तिला समुद्रपूरच्या दवाखान्यात नेलं, तिथून सेवाग्रामला हलवलं. तीन दिवसांनी ती घरी आली, पण पुढे कितीतरी दिवस चालताना भिंत धरायची.

गाडी ओढून आणली तेव्हा गॅरेजवाल्याने हेड उतरवून खालच्या बाजूला वरवर पट्टी लावून पाहिलं. "हेड वाकडं हाय," तो म्हणाला. "घासलं कोनं होतं?"

बंडूजींनी मुलाकडे पाहिलं.

"रूपरावकाकानं," योगेंद्र म्हणाला.

शब्द खरा होता. म्हणून तर तो तोंडातून इतक्या सहज निघाला.

बंडूजी तडक रूपरावांच्या कारखान्यात गेले. योगेंद्र दाराशी उभा राहिला.

"रूपराव, माही बायको मरता मरता वाचली," बंडूजी म्हणाले. "तीस वर्सात तुह्या कामाकडं मी दुसऱ्यांदा पाह्यलं नाई."

हेड तापूनही वाकतं, असं रूपरावांना म्हणता आलं असतं. योगेंद्र तेच ऐकायच्या तयारीने उभा होता. पण त्यांनी नुसतं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "चुकलं असन, बंडूजी," ते म्हणाले. "आताशा डोयेबी साथ देत नाईत."

त्यानंतर बंडूजींनी ती वाट सोडली. गाडी परसात उभी राहिली. हेड योगेंद्रने पोत्यात बांधून पंपांच्या खोक्यांमागे सारलं. पावसाळा गेला. आईसमोर बसून जेवणं त्याला जड जाऊ लागलं. ती पाण्याचा तांब्या पुढे सरकवायची, आणि तो अर्ध्या ताटावरून उठायचा.

दिवाळीनंतर रूपरावांची बायको, आनंदाबाई, दुकानात नळाचा वायसर घ्यायला आली. योगेंद्रने रीतीप्रमाणे विचारलं, "काका कसे आहेत?"

"घरीच बसून राह्यते," ती म्हणाली. "मशीन इकली ना त्यायनं. यवतमाळचा मानूस घेऊन गेला. म्हन्ते, माहा हात गेला. उद्या कोनाचा जीव घेईन."

ती गेल्यावर योगेंद्रने शटर अर्धं ओढलं, पोतं बाहेर काढलं आणि स्कूटरवर पायांपाशी ठेवून रूपरावांचं घर गाठलं. ते अंगणात बाजेवर बसले होते.  पोतं सोडून हेड त्याने विटांवर मांडलं, खालची भोकं बुचांनी बंद केली आणि वरून लोट्याने पाणी ओतलं. मग बॅटरी रूपरावांच्या हातात दिली. तिसऱ्या रस्त्याच्या वळणावर एक थेंब जमला, फुगला आणि घसरला. त्यामागून दुसरा.

रूपराव वाकून पाहत राहिले.

"तुमच्याकडून नेल्यावर मी आत घासलं," योगेंद्र म्हणाला. "भोक पडलं, ते मसाल्यानं बुजवलं. तुमचं काम बरोबर होतं, काका. पानी गेलं म्हून तापलं, तापलं म्हून वाकडं झालं. मले पह्यल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"सहा मयने," रूपराव म्हणाले.

"हो."

"मी रोज तेच काम मनात पुन्हा करत होतो. कुठं चुकलो, कुठं चुकलो." त्यांनी बॅटरी विझवली. "तुह्या बापाले सांगतलं?"

"नाई."

"मंग इथं काऊन आला? बदनाम मी त्याच्यापाशी झालो."

योगेंद्र घरी आला. बंडूजी आणि यशोदाबाई दोघंही घरात होते. त्याने सगळं सांगितलं, दोन बाटल्यांसकट. बंडूजी उठून परसात गाडीपाशी जाऊन उभे राहिले. आई एवढंच म्हणाली, "मले वाटे, पानी आपन घरीच इसरलो."

दुसऱ्या दिवशी बंडूजी रिक्षाने रूपरावांकडे गेले. सोबत येऊ का, असं योगेंद्रने विचारलं, तर नको म्हणाले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, "मशीन परत आनून देतो म्हनलं त्याले. नको म्हन्ते. हातावरचा भरोसा काई मशीनसंगं परत येत नाई म्हन्ते." मग ते गल्ल्यावर बसले, आणि त्या दिवसापासून गाडीची गोष्ट निघाली की खरी काय ती सांगू लागले, मुलाच्या देखत, एक शब्द कमी न करता. योगेंद्र ती उभ्याने ऐकायचा. कोणी त्याच्याकडे पाहिलं तर मान हलवायचा.

गोष्ट गावभर झाली. वर्ध्याच्या एका कारखानदाराच्याही कानावर गेली, आणि त्याने रूपरावांना कामाला बोलावणं धाडलं. महिनाभर त्यांनी टाळलं. मग आठवड्यातून दोन दिवस बसने जायला लागले. पहिले काही दिवस दुसऱ्याचंच काम तपासत होते, असं आनंदाबाईकडून कळलं.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांची बस चुकली. योगेंद्र तिकडूनच चालला होता. त्याने स्कूटर थांबवली आणि रूपराव जरा थबकून मागे बसले. योगेंद्रने त्यांना वर्ध्यापर्यंत नेलं. कारखान्यापाशी ते उतरले, डब्याची पिशवी सावरली.

"संध्याकाळी घ्याले येऊ का, काका?"

"नोको," रूपराव म्हणाले. आत जाता जाता थांबले. "आई चालते का आता भिंत न धरता?"

"चालते."

त्यांनी मान डोलावली आणि ते आत गेले.