खालचा माणूस

जिन्यावरून कपाट चढवायचं तर दोन माणसं लागतात, वरचा आणि खालचा. वरचा वाट दाखवतो, वळण आलं की सांगतो, घरमालकाशी गोड बोलतो. ओझं असतं खालच्यावर. दाजी उमेदीची सगळी वर्षं खालचा होता. घरसामान हलवायचा ट्रक त्याच्या मेहुण्याचा. मेहुणा दाजी म्हणे, म्हणून कामावरचे सगळेच दाजी म्हणू लागले.

मधुमेह जुनाच होता. आधी गोळ्या, मग इन्सुलिन. त्याचं दाजीने कधी मनावर घेतलं नाही. पण हळूहळू मांड्या उतरल्या, पँट ढगळ झाली, आणि एकदा कपडे धुण्याचं मशीन चढवताना त्याचा गुडघा असा लटपटला की मशीन त्याच्यावरच यायचं, पण कठड्याला अडलं. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने दाजीला कपबश्या कागदात गुंडाळायला बसवलं.

बायको संध्याकाळी विचारायची, आज किती फोडल्या? पहिले काही दिवस दाजी हसला. मग हसेनासा झाला, तेव्हा तिनेही विचारणं सोडलं. शेवटी तोच मेहुण्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याला शेठ म्हणाला. दाजी शेठ म्हणाला की तो चिडलाय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“पाय परत आणा, दाजी,” मेहुणा म्हणाला. “जागा तुमचीच आहे.”

हे तो मनापासून म्हणाला की बहिणीकडे बघून, कोण जाणे. दाजीने ते शब्द पक्के धरले.

इस्पितळात तळमजल्यावर व्यायामाची खोली होती. तिथल्या बाई वयाने लहान, पण शिस्तीच्या. त्यांनी आधी डोळे तपासलेत का ते विचारलं. दाजी म्हणाला, झाले की, मागच्याच महिन्यात. त्याच्या लेखी ते खरंच होतं. चष्म्याच्या दुकानात त्याने नवा नंबर काढून घेतला होता. मग बाईंनी एकेक गोष्ट समजावली. व्यायामाआधी साखर तपासायची. खिशात साखरेच्या गोळ्या ठेवायच्या. पायांच्या व्यायामाच्या दिवशी इन्सुलिन मांडीत नाही, पोटावर टोचायचं, कारण काम करणारी मांडी औषध भराभर ओढते आणि साखर एकदम खाली येते. रोज तळपाय बघायचे, कुठे फोड आहे का. आणि वजन उचलताना श्वास सोडायचा.

दाजीने सगळं इमानेइतबारे पाळलं. रोज अंडी, कडधान्यं खाल्ली. खुर्चीतून हात न टेकता उठला, भिंतीला पाठ लावून पाय थरथरेपर्यंत बसला. श्वासाचं तेवढं त्याला पोरखेळ वाटायचं. कामावर ओझ्याला हात घातला की वरचा म्हणतो, ‘दम धर’. मग दोघं छाती भरून घेतात, श्वास आत कोंडतात आणि उचलतात. मध्येच श्वास सुटला तर कपाटही सुटतं, हे दाजी पोटासाठी शिकला होता. तरी डंबेल हलकी होती तोवर त्याने बाईंचं ऐकलं.

मांड्या भरत होत्या, पण गोगलगायीच्या गतीने. दाजीचा जीव वर-खाली होत होता. एक दिवस बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका म्हातारीचा खांदा फिरवत होत्या. दाजी मोठ्या डंबेलपाशी गेला आणि तिथूनच विचारता झाला, हे घेऊ का आता?

“दम धरा, काका,” बाई मागे न बघता म्हणाल्या.

बाईंचं म्हणणं होतं, थांबा. दाजीने ऐकलं ते जिन्यावरचं. चला, बाईंनाही कळलं म्हणायचं, भारी वजनाला श्वास सोडून भागत नाही. त्याने छाती भरली, श्वास कोंडला आणि डंबेल उचललं. बाई वळेपर्यंत ते जागेवर गेलंही होतं.

त्यानंतर तो घरीही तसंच करू लागला. वाळूच्या पिशव्या उचलताना कानांपर्यंत लाल व्हायचा. बायकोने विचारलं, हे बाईंनी सांगितलंय? दाजी म्हणाला, त्यांच्याच तोंडचे शब्द आहेत.

मांड्या खरोखरच आल्या. मेहुण्याने चाचपून पाहिल्या आणि एका सकाळी आरसा बसवलेलं लाकडी कपाट चढवायला दाजीला खाली घेतलं. वर तो स्वतः राहिला. वळणावर दाजीच्या उजव्या डोळ्यापुढे एक काळा धागा आला. कोळिष्टक असेल म्हणून त्याने मान झटकली. मग काजळी उडावी तसं सगळं भरून आलं. पण खालच्याला कपाट सोडता येत नाही. त्याने ते खोलीपर्यंत नेलं आणि चारही पाय एकदम टेकवले. मेहुण्याने त्याच्या पाठीवर थाप मारली.

“दिवा लाव जरा,” दाजी म्हणाला. दुपार व्हायची होती, खिडक्या सताड उघड्या होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून आतून तपासलं. जुन्या साखरेमुळे दोन्ही डोळ्यांत मागच्या बाजूला नाजूक नव्या रक्तवाहिन्या आल्या होत्या. श्वास कोंडून जोर लावल्यावर उजवीकडची फुटली असावी. त्या डोळ्याचा पडदाही ओढला गेला होता. शस्त्रक्रिया करता येईल, नजर येईलच असं नाही. डाव्याला लेझर द्यावा लागेल, त्याचीही हमी नाही. ओझं उचलणं बंद. डोळे आतून कधी तपासले होते, असं त्यांनी विचारलं. दाजीने चष्मा काढून त्यांच्यापुढे धरला. डॉक्टरांनी तो हातात घेतला नाही.

न सांगता व्यायाम सोडणं बरं दिसत नाही, म्हणून तो बायकोचा हात धरून बाईंकडे गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, उचलताना श्वास कसा घेत होता?

“कोंडून. तुम्हीच म्हणालात की, दम धरा.”

बाई स्टुलावर बसल्या. “मी थांबा म्हणत होते, काका.”

“हो का,” दाजी म्हणाला.

काहीतरी करायला हवं म्हणून बाईंनी त्याच्या मांडीला मापाची टेप लावली. स्नायू चांगले आलेत, त्या म्हणाल्या.

रविवारी मेहुणा आला. चहा निवला तरी तो पीत नव्हता.

“आलास कशाला ते बोल ना,” बहीण म्हणाली.

ओझं पेलताना खांद्यावरून घ्यायचा खालच्याचा कातडी पट्टा दाजीकडे होता, तो त्याला हवा होता. नवा माणूस खाली ट्रकमध्ये बसला होता. दाजीने पट्टा काढून आणला आणि विचारलं, अंगाने कसा आहे? बारीक आहे, तुमच्या निम्मा, मेहुणा म्हणाला. दाजीने अंगठ्याने पट्ट्याची भोकं चाचपली आणि शेवटच्या भोकापुढे नख रोवलं.

“इथे पाड. याच्या आत नको, काखेत काचतो. चल, मीच दाखवतो त्याला.”

तो ताडकन उठला. मांड्यांनी कुरकुर केली नाही.

“जिना आहे, दाजी,” मेहुणा म्हणाला.

दाजीने डावा डोळा बारीक करून दाराकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसला.