साधा मुंगळा

प्रमोदिनीबाईंच्या पोटात दुखत होतं, आणि गोळीनं थांबेल असलं ते दुखणं नव्हतं. मुंग्यांचे फोटो काढून नोंदवायच्या ॲपवर कोल्हापूर जिल्ह्यात गेली सहा वर्षं त्यांचं नाव पहिलं होतं. त्रेसष्ट जाती! त्यासाठी त्यांनी रंकाळ्याच्या काठी गुडघे टेकले होते, येणारे-जाणारे काय हरवलंय म्हणून विचारत असतानाही. आणि आता राधानगरीकडची ही अनुजा, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, जीवशास्त्रात काठावर पास झालेली, म्हशी धुता धुता आठ महिन्यांत त्रेसष्टावर येऊन बसली! बाईंच्या डोळ्यांत तिच्या म्हशीसुद्धा खुपायला लागल्या होत्या.

रविवारी अनुजाचा नवा फोटो आला. पाठीवर दोन वाकडे काटे, पोटावर सोनेरी लव. बाईंनी चष्मा पुसून पुस्तक उघडलं. ही जात जिल्ह्यात आजवर कुणी नोंदवलीच नव्हती. दुसऱ्या जाणकारानं दुजोरा दिला की नोंद पक्की, आणि अनुजा पहिली. आता इथले जाणकार म्हणजे बाईच. माझ्याच हातानं हिला डोक्यावर बसवू? बाईंचा नुसता जळफळाट झाला. त्यांनी लिहिलं, ‘साधा मुंगळा. नीट बघत जा.’

तासाभरानं अनुजाचा फोन आला.

“बाई, लाज वाटली बगा. तुमच्याकडं शिकून असली चूक! नोंद काढून टाकली. फोनातला फोटोबी पुसला.”

“पुसलास? कशाला गं?”

“तुमी म्हणलासा म्हंजे चुकलंच की. चुकीचं कशाला ठिवायचं?”

बाई खुर्चीतून उठल्या. “आणि मुंग्या? त्या कुठं आहेत?”

“आंब्याची वाळकी फांदी पाडलेली, तिच्यात घर हुतं त्यांचं. तुमास्नी दावायला म्हणून बाजूला ठिवली हुती. साधंच हाय म्हटल्यावर आत्ता बंबात घातली. दुधाच्या किटल्या धुवायला पाणी पायजे हुतं.”

बाईंना खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही होतं, पण त्यामागोमाग अनुजानं त्या मुंग्या पुन्हा शोधल्यावर पहिलं आलेलं तिचं नाव डोळ्यांपुढं आलं.

“तुमी हायसा म्हणून बरं हाय बगा,” अनुजा म्हणाली. “न्हायतर माझं हसं झालं असतं.”

“हो,” बाई म्हणाल्या. “मला विचारत जा.”